गाऊ की वाजवू: देवगडच्या मुलाला माझं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. देवगड तालुक्यातला २३ वर्षांचा मुलगा, गातो पण आणि कीबोर्ड पण वाजवतो. भजनात, हळदीत, गणपतीत दोन्हीसाठी बोलावणं येतं. आता घरचे म्हणतायत एक काहीतरी पकड, नाहीतर धड ना गायक धड ना वादक असं होऊन बसेल. त्याला गाव सोडायचं नाही आणि आयुष्यभर यातच राहायचंय. शेवटी विचारलंय की कीबोर्ड कुठला घेऊ. आणि मधेच एक वाक्य सहज लिहून गेलाय, "कीबोर्ड हाताखाली असला की गाणं मस्त होतं, नुसतं उभं राहून गायचं म्हटलं की भीती वाटते."

तू माझ्या मुलाच्या वयाचा आहेस म्हणून तू म्हणतो. मी कुडाळ बाजूचा, वय ५६, पेटीला पहिल्यांदा हात लावला त्याला ४२ वर्षं झाली आणि त्यातली तीसेक वर्षं घर यावरच चाललंय. गाणं, पेटी, कीबोर्ड, शिकवण्या, जे आलं ते केलं आणि मनापासून केलं. त्यामुळे "एक पकड" हा सल्ला मला लहानपणापासून पाठ आहे. तो देणारे वाईट नसतात, त्यांना काळजी असते. पण आपल्याकडे भजनाचा बुवा काय करतो बघ ना. डबलबारीला, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याला, बसलेला बुवा स्वतः पेटी वाजवतो, स्वतः गातो, समोरच्या बुवाने काय टाकलं ते ऐकून त्याच चालीत उत्तर जुळवतो, पखवाजवाल्याला मानेने खूण करतो आणि कोरसला उचलायला लावतो, हे सगळं एका वेळी. त्याला कोणी विचारत नाही की बुवा तुम्ही गायक की वादक. म्हणजे गळा आणि हात एकत्र चालवणं हे आपल्या मातीतलंच काम आहे, त्यात तुझं काही चुकत नाहीये.

चुकतंय ते त्या मधल्या वाक्यात. तुझा गळा कीबोर्डला टेकून उभा आहे. टेकू काढला की पडेल हे तुला आतून माहितीय, म्हणून भीती वाटते.

मला हे कळलं तो प्रसंग सांगतो. मी १४-१५ वर्षांचा असेन. गावात बुवांकडे जायचो, पहिली दोन वर्षं फक्त झांज वाजवली, मग पेटी मिळाली आणि मला वाटायला लागलं की आपल्याला येतं. गणपतीत घरोघरी भजन चाललेलं, एका घरी ओटीवर बसलेलो, आत काळ्या वाटाण्याच्या उसळीचा वास सुटलेला, आणि बुवांनी मला अभंग म्हणायला सांगून पेटी स्वतःकडे घेतली. अंतऱ्याच्या मधेच त्यांनी भाता सोडून दिला. पेटी गप्प. मी गात राहिलो, पखवाज चालू होता. धृपदावर आलो तेव्हा बुवांनी हळूच सा दाबला आणि मी जवळजवळ अर्धी पट्टी खाली होतो. सगळ्यांना ऐकू गेलं. बुवा रागावले नाहीत, नंतर चहा पिताना एवढंच म्हणाले, "ह्यो गळो तुझो नाय, पेटीचो असा." त्या रात्री मी जेवलो नाही नीट.

आता तू हेच कर, अगदी आज. फोनवर तानपुऱ्याचं ॲप लाव, तुझी पट्टी, म्हणजे तुझा सा जिथे असतो तो सूर, धर, दोन मिनिटं सा लाव आणि तानपुरा बंद करून एक आख्खा अभंग गा, चार मिनिटांचा तरी. रेकॉर्ड कर. शेवटच्या सा वर थांब आणि मग कीबोर्डवर सा दाब. उतरलायस की चढलायस, किती, ते लिहून ठेव. बहुतेक जण उतरतात. घाबरलेले असले की चढतात.

हे का होतं ते पण समजून घे, म्हणजे रियाजाला अर्थ येईल. कीबोर्डवर सप्तकाचे १२ सारखे भाग केलेले असतात. सप्तकाचे एकूण १२०० सेंट (सुरांमधलं अंतर मोजायचं माप) धरले तर प्रत्येक पट्टी बरोबर १०० सेंटची. पण तानपुऱ्यातून जो शुद्ध गंधार आपोआप ऐकू येतो तो सा पासून साधारण ३८६ सेंटवर असतो आणि कीबोर्डचा ४०० वर. म्हणजे कीबोर्डचा गंधार १४ सेंट चढा. कोमल गंधार उलट, स्वाभाविक जागा ३१६ च्या आसपास आणि कीबोर्ड ३०० ला, म्हणजे १६ ने उतरलेला. ऐकायला किरकोळ वाटतं, पण रोज तासभर त्यालाच चिकटवून दहा वर्षं गायलास तर गंधार कायमचा तिथेच बसतो. आणि त्याहून वाईट म्हणजे कान सूर शोधायचा बंद होतो, कारण शोधायची गरजच नसते, बोट दाबलं की सूर हजर.

हा वाद जुना आहे. याच कारणांसाठी आकाशवाणीवर १९४० पासून हार्मोनियमला बंदी होती, ती १९७१ पर्यंत राहिली. सूर अचल, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही, श्रुती (सुरांमधल्या बारीक जागा) धरता येत नाहीत, हे आक्षेप. खोटे नव्हतेच ते. पण त्याच तीस वर्षांत नाटकात, भजनात, मैफलीत पेटी वाजतच होती, आणि गोविंदराव पटवर्धन, तुळशीदास बोरकर यांच्यासारखी माणसं अशी साथ करून गेली की ऐकणाऱ्याला आक्षेप आठवू नयेत. बोरकर तर आपल्या शेजारचे, गोव्यातल्या बोरीचे, पेटीवादक पी. मधुकरांकडे शिकलेले, २०१६ ला पद्मश्री मिळाली. त्यांची रेकॉर्डिंग लाव आणि पेटी किती वाजते यापेक्षा पेटी कुठे गप्प बसते ते ऐक. गायक सूर लावत असतो तेव्हा हात थांबलेला असतो, जागा पूर्ण झाली की तीच जागा मागून हळूच येते. मी हे वर्षानुवर्षं ऐकतोय आणि अजून नवीन काहीतरी सापडतं.

म्हणून माझं सांगणं, दोन्ही ठेव, पण रियाज वेगळा कर. सकाळी ४० मिनिटं फक्त तानपुरा आणि गळा, कीबोर्डवर कव्हर टाकलेलं असू दे. सुरुवातीचे १५ मिनिटं खर्ज, सा च्या खाली जेवढं जाता येईल तेवढं, जोर न लावता. मग एकच राग महिनाभर, यमन किंवा भूप घे. संध्याकाळी हात, आणि तेव्हा तोंड बंद. गुणगुणायचं पण नाही, हे कठीण आहे, करून बघ. रात्री पंधरा-वीस मिनिटं दोन्ही एकत्र, आणि त्यात नियम असा की जी ओळ गातोयस ती वाजवायची नाही, गाताना फक्त सा-प धरायचा आणि ओळ संपली की मधल्या जागेत वाजवायचं. तीन-चार महिन्यांत फरक तुलाच कळेल. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी हेच करायला लावतो, पहिला महिना सगळ्यांची कुरकुर असते.

हाताबद्दल एकच गोष्ट कडक सांगतो, ट्रान्सपोजचं बटण सहा महिने विसर. मी ऑर्केस्ट्रात होतो तेव्हा त्या बटणावरच जगायचो, सगळं पांढरी एकमध्ये, म्हणजे पहिल्या पांढऱ्या पट्टीला सा धरून, वाजवायचं आणि बटणाने हवी ती पट्टी आणायची. एकदा मालवणात भर प्रोग्रॅममध्ये आधीच्या गाण्याचं अधिक तीन तसंच राहिलं, मी पुढच्या गाण्याचा पीस सुरू केला, गायिकेने त्यावर उचललं आणि अंतऱ्याला तिचा आवाज फाटला. चूक माझी आणि लोकांनी बघितलं तिच्याकडे. तिने मला काही म्हटलं नाही, मला ते आजही टोचतं. त्यानंतर मी बसून पाच पट्ट्या बोटात बसवल्या, पुरुषांसाठी काळी एक, काळी दोन, पांढरी चार आणि बायकांसाठी काळी चार, काळी पाच. एवढ्या आल्या की आपल्या भागातलं नव्वद टक्के काम निघतं. आणि सी डी ई म्हणून पाठ करू नकोस, सरगम म्हणून बसव, म्हणजे सा कुठेही गेला तरी बोटं त्याच्या मागे जातात.

बाकी मग टोनचं. सहाशे टोन असतात आणि मुलं सहाशेच्या सहाशे वाजवून बघतात. तीन-चार टोन घे, पेटी, बासरी, स्ट्रिंग, एखादा पियानो, आणि ते ओळखीचे कर. बासरी वाजवताना डावा हात पिच बेंडवर (त्याने सूर वर-खाली सरकतो) ठेवून मींड काढायला शीक, बेंड सहसा दोन पट्ट्यांवर सेट केलेला असतो, तेवढा पुरतो. आणि अभंगाखाली सगळीकडे कॉर्ड (तीन-चार सूर एकदम) ओतू नकोस. भैरवीत चाल कोमल ऋषभावर थांबलेली असताना खाली भरगच्च कॉर्ड आली की त्या जागेचा जीवच जातो. तिथे नुसता सा-प पुरे.

कीबोर्ड कुठला, याचं उत्तर खिशावर आणि कामावर आहे. शिकण्या-शिकवण्यासाठी आणि भजनासाठी यामाहाची पीएसआर आय सिरीज बरी, भारतीय टोन आणि ठेके त्यातच मिळतात. स्टेजची कामं जास्त असतील तर रोलँड एक्सपीएस १०, हलका आहे, मोटरसायकलवर मागे बांधून नेता येतो, आणि आपल्या बाजूला बऱ्याच जणांकडे असल्याने अडलं तर विचारायला माणूस मिळतो. ६१ पट्ट्या, टच (बोटाच्या जोराप्रमाणे आवाज लहान-मोठा होणं) आणि पिच बेंड, एवढं बघ. कर्ज काढून महागातला घेऊ नकोस, आधी कामं ठरू देत. आणि आपल्या हवेचं ध्यान ठेव. खारी हवा आणि चार महिने दमट, त्यात पट्ट्यांच्या खालच्या रबराच्या काँटॅक्टवर ओल आणि धूळ बसली की एखादी पट्टी बोलत नाही किंवा एकदम जोरात बोलते. पावसात कव्हर, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि रोज अर्धा तास चालू करायचाच. जत्रेत जनरेटरवर थेट लावू नकोस, माझा पहिला कॅसिओ, मुंबईहून चुलतभावाने आणलेला, असाच जनरेटरचा व्होल्टेज वर गेल्याने गेला, वर्षभर हातात काही नव्हतं.

आता आयुष्यभर यात राहता येईल का. इथे मी खोटी आशा देणार नाही, यातलं बरंच घरच्या परिस्थितीवर आहे. घर स्वतःचं आहे का, थोडी आंब्याची कलमं आहेत का, घरात दुसरा कोणी कमावता आहे का, यावर उत्तर बदलतं. आपल्याकडे कामाचं कॅलेंडर असतं. भाद्रपदात गणपती, मग नवरात्र, कार्तिक उजाडला की जत्रा आणि दशावतार, तुळशीचं लग्न झालं की हळदी-लग्नं, माघात सप्ते, फाल्गुनात शिमगा, आणि मे संपला की सगळं बंद. जून-जुलै हातात पैसा नसतो. मी हे दोन महिने शिकवण्यांनी भरले. शिकवायचं असेल तर गांधर्व महाविद्यालयाच्या संगीत परीक्षा दे, निदान मध्यमा पूर्ण, जमलं तर विशारद, कारण पालक तेच विचारतात आणि मुलांना परीक्षेला बसवता येतं. रत्नागिरी आकाशवाणीची ऑडिशनही दे. ग्रेड मिळाली तर चांगलंच, नाही मिळाली तरी त्या तयारीत गळ्याची जी घासपूस होते ती दुसऱ्या कशात होत नाही.

मी ऑर्केस्ट्रात १५ वर्षं होतो आणि ते काम डोळ्यांसमोर आटलं. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० नंतर स्पीकर बंद झाले, वर्षातले फार तर १५ दिवस सरकार १२ पर्यंत सूट देऊ शकतं. नियम योग्यच आहे, आजारी माणसं, लहान मुलं असतात घरात. पण पूर्वी रात्रभर चालणारा प्रोग्रॅम तीन तासांवर आला, आणि तीन तासांसाठी बारा माणसं कोण बोलावणार. त्यात आधीच रेकॉर्ड केलेल्या संगीताचे ट्रॅक आले. पेनड्राइव्ह आणि एक गायक, झालं. आमच्या ग्रुपमधला एकजण रिक्षा चालवायला लागला, दोघं मुंबईला गेले. मी का राहिलो याचा विचार केला तर उत्तर एकच येतं, मला साथ येत होती. ट्रॅकला गायकासाठी थांबता येत नाही.

एक दशावताराची रात्र सांगतो म्हणजे कळेल. मंडळाचा पेटीवाला तापाने पडला म्हणून मला जत्रेत ऐनवेळी बसवलं. पायपेटी, दोन्ही पाय भात्यावर, दोन्ही हात मोकळे. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, पात्रं तिथल्या तिथे बोलतात, आणि बोलता बोलता पद कधी सुरू होईल सांगता येत नाही. रात्रीचे अडीच-तीन झालेले, थंडी, राजपार्टी, म्हणजे राजाची भूमिका करणारा, माणूस तावातावाने बोलत होता आणि एकदम त्याने पद उचललं, ते काळी एक आणि पांढरी दोन यांच्या बरोबर मधे. पेटीत तो सूर नाहीच. काळी एक दाबली तर तो चढा वाटणार, पांढरी दोन दाबली तर उतरलेला. मी दोन्ही हात उचलले. नुसता मृदंग आणि झांज. त्याची पहिली ओळ संपली, त्याने श्वास घेतला, त्या श्वासात मी काळी एकचा सा अगदी हलका ठेवला आणि लगेच काढून घेतला. दुसऱ्या ओळीला तो अर्धा खाली आला. परत श्वासात तसंच. तिसऱ्या ओळीला तो माझ्या सा वर होता आणि मी मग पेटी उघडून वाजवली. समोर बसलेल्यांना काही कळलं नाही. तो मात्र एंट्री संपवून जाताना माझ्याकडे बघून गेला, आणि पुढची कित्येक वर्षं त्या मंडळाला अडचण आली की फोन मला. आता हे मला हाताने जमलं असं तुला वाटेल, पण तो सूर कुठे आहे हे मला गाणारा म्हणून कळलं. गळ्यातून कधी सूर न शोधलेल्या माणसाने पट्टी दाबूनच बघितली असती.

आणि याच्या उलट पण झालं. ४६ व्या वर्षी माझा आवाज गेला. वर्षानुवर्षं पांढरी चारमध्ये भजन, मॉनिटर (गाणाऱ्याकडे तोंड केलेला स्पीकर) नाही, शेजारी मोठा स्पीकर धडधडतोय, स्वतःचा आवाज ऐकू येत नाही म्हणून ओरडून गायचं. पांढरी चारचा तार सा म्हणजे स्वरपटल सेकंदाला ३४९ वेळा आपटतात, तेही जोर लावून, दोन-दोन तास. डॉक्टरांनी नळी घालून दाखवलं, स्वरपटलांवर दोन बारीक गाठी. तीन आठवडे पूर्ण मौन, मग पाच-सहा महिने सांभाळून. घरात पाटीवर लिहून बोलायचो. बायकोने एकदा पाटी पुसून स्वतःच लिहिलं, "जेवून घ्या, सूर परत येईल." त्या सहा-सात महिन्यांत घर कीबोर्डने चालवलं. त्या वर्षी मी फक्त गायक असतो तर काय झालं असतं, याचा विचारही नको वाटतो.

आवाज परत आला पण पट्टी दोन घरं खाली आणली, काळी दोन. जुने ऐकणारे म्हणाले, बुवा ती टीप आता लागत नाही. खरं आहे, तो वरचा सूर नाही लागत. पण खालच्या सप्तकात आवाजाला जे वजन आलं ते आधी नव्हतं, आणि मी आता वर्षभर गाऊ शकतो. तू २३ चा आहेस, आत्तापासून साउंडवाल्याशी भांडून एक मॉनिटर स्वतःकडे वळवून घे आणि दुसऱ्या बुवाची पट्टी मोठी म्हणून स्वतःची चढवू नकोस. पूर्वी माइक नव्हते म्हणून चढ्या पट्टीत गायचे, तुला ती गरज नाही.

गाव सोडायचं नाही म्हणतोस, तर मुंबईला पाठ पण करू नकोस. १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाल्यापासून रात्री कणकवलीला बसलो की सकाळी दादर. मी रेकॉर्डिंगला असाच जाऊन आलो, काम झालं की परतीची गाडी. स्टुडिओत जे शिकायला मिळतं, हेडफोनमध्ये स्वतःचा उघडा आवाज ऐकणं, क्लिकवर, म्हणजे कानात वाजणाऱ्या ठोक्यावर, वाजवणं, ते इथे लवकर मिळत नाही.

तर आत्ता काय करायचं ते सांगतो. ती चार मिनिटांची अभंगाची टेस्ट आज कर, महिन्याने परत कर. कीबोर्डची खरेदी गणपती झाल्यावर बघू, आहे तो चालव. श्रावणात तुमच्या गावच्या मंडळाची तालीम सुरू होईल, तिथे जाऊन बस, आणि बुवांकडे पेटी मागू नकोस, गायला पण मागू नकोस. झांज माग. झांजवाला बुवा आणि पखवाज या दोघांच्याही जवळ बसतो, त्याला गळा आणि ताल दोन्ही सारखे ऐकू येतात, आणि हात झांजेत अडकलेले असल्याने मधल्या सगळ्या जागा त्याला फक्त मनातल्या मनात गाव्या लागतात.